१४ वर्षांचा डावखुरा पिचर, कोपरदुखी, आणि "टॉमी जॉन करून घ्यावी का?" हा प्रश्न

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा १४ चा, बेसबॉलमधला डावखुरा पिचर (फलंदाजाकडे बॉल फेकणारा; त्या एका फेकीला पिच म्हणतात), ताशी ७५ मैलांच्या आसपास टाकतो. कोच म्हणतात पोरात दम आहे, उन्हाळ्याच्या ट्रॅव्हल टीमसोबत (गावोगावी फिरून खेळणारी टीम) आता हिवाळ्यात इनडोअर पण खेळवूया. दोन आठवडे झाले कोपर आतल्या बाजूने दुखतंय पण "गरम झालं की थांबतं". आणि ग्राउंडवर कोणा दुसऱ्या मुलाच्या वडिलांनी सांगितलं की टॉमी जॉन सर्जरी केली की हात आधीपेक्षा जोरात चालतो, मोठे पिचर करूनच घेतात, मग लवकर उरकलेली बरी नाही का. शिवाय शेवटी एका ओळीत तुम्ही विचारलंय की पिचर म्हणून करिअर असतं तरी कसं.

मी फिजिओ आहे, शिकले मुंबईत, अमेरिकेत १९ वर्षं झाली आणि त्यातली बरीचशी ॲरिझोनात गेली, जिथे मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगच्या, निम्म्या टीम्स स्प्रिंग ट्रेनिंगला (सीझनआधीच्या सरावाला) येतात. त्यामुळे पिचर लोकांचे खांदे नि कोपर हेच माझं रोजचं काम. मी सर्जन नाही आणि तुमच्या मुलाला तपासलेलं नाही, त्यामुळे खालचं सगळं त्या हिशोबाने घ्या.

पहिली गोष्ट, तुमचा प्रश्न सर्जरीचा नाहीच आहे. टॉमी जॉन सर्जरी होते ती कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटची, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या दोरीची. १४ व्या वर्षी बहुतेक मुलांचं तिथलं हाड अजून पूर्ण जुळलेलं नसतं. कोपराला आतून जो उंचवटा हाताला लागतो ना, तो बाकीच्या हाडाला वाढीच्या कूर्चेने चिकटलेला असतो, आणि ती कूर्चा लिगामेंटपेक्षा कच्ची असते. म्हणजे दोरी मजबूत आणि खुंटी सैल. जोरात ओढलं की आधी खुंटी हलते. याला इकडे लिटल लीग एल्बो म्हणतात आणि याचा उपाय बऱ्याचदा अगदी कंटाळवाणा असतो: फेकणं बंद, काही आठवडे, कधी काही महिने, मग हळूहळू परत. पण खुंटी हलायला लागलेली असताना "गरम झालं की थांबतं" म्हणून टाकत राहिलं तर तो उंचवटा तुटून बाजूला सरकू शकतो, आणि मग मात्र स्क्रू घालायची वेळ येते. माझ्याकडे असा १३ वर्षांचा मुलगा आलेला, एका शनिवारी तिसऱ्या मॅचमध्ये "टक्" असा आवाज आला म्हणाला. आई-वडील सांगत होते की त्याआधी काही विशेष दुखत नव्हतं. मुलाला एकट्याला विचारलं तर म्हणाला दोन महिने दुखत होतं, पण सांगितलं तर बेंचवर बसवतील.

आता यात काय काय परिस्थितीवर आहे ते पण सांगते. वाढीची कूर्चा उघडी आहे की मिटली हे एक्स-रेशिवाय कळत नाही, काही मुलांची १४ लाच मिटत आलेली असते, काहींची १६ पर्यंत उघडी. दुखणं टाकताना आहे की दुसऱ्या दिवशी, करंगळीला मुंग्या येतात का, कोपर पूर्ण सरळ होतं का, यावर पुढचं सगळं बदलतं. हे सगळं पोरांच्या स्पोर्ट्समध्ये काम करणाऱ्या ऑर्थोपेडिककडे ठरेल, माझ्याकडे नाही आणि कोचकडे तर नाहीच नाही.

बरं, आता त्या दुसऱ्या वडिलांच्या बोलण्याकडे येते, कारण हे मी दर सीझनला ऐकते. अमेरिकेत यावर सर्व्हे झालाय आणि शाळकरी खेळाडूंपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना वाटत होतं की दुखापत नसतानाही ही सर्जरी करून घेण्यात फायदा आहे. मग जरा मूळ माणसाची गोष्टच सांगते, म्हणजे कळेल ही समजूत किती उलटी आहे.

टॉमी जॉन हा इंडियानातल्या टेरे होटचा, तुमच्या मुलासारखाच डावखुरा. १९६३ मध्ये क्लीव्हलँडकडून मेजर लीगमध्ये आला, मग शिकागो व्हाइट सॉक्स, मग लॉस एंजेलिस डॉजर्स. तो कधीच स्पीडवाला नव्हता. त्याचं हत्यार सिंकर, म्हणजे फलंदाजाजवळ येता येता खाली बसणारा बॉल, ज्यावर मारलं की बॉल जमिनीवरून सरपटत जातो. १९७४ मध्ये १३ मॅच जिंकून ३ हरला होता (बेसबॉलमध्ये जिंकलेली-हरलेली मॅच पिचरच्या नावावर लागते), करिअरचा सगळ्यात भारी सीझन चाललेला, आणि १७ जुलैला मॉन्ट्रियलविरुद्ध एक पिच टाकताना लिगामेंट गेलं. त्या काळी पिचरचा हात "गेला" की गेला, कारण आत काय झालंय हेच बहुतेकदा कळायचं नाही, एमआरआय कुठला त्या काळात. डॉजर्सचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबरला ऑपरेशन केलं. उजव्या मनगटातला एक टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढला, कोपराच्या दोन्ही हाडांना भोकं पाडून त्यातून ओवला, आणि नवीन लिगामेंट केलं. यश किती मिळेल याचा जोब यांचा स्वतःचा अंदाज होता शंभरात एक.

(तो टेंडन तुम्हाला बघायचा असेल तर अंगठा आणि करंगळी जुळवा आणि मनगट थोडं आत वाकवा, मधोमध दोरी वर येते ती. काही लोकांना ती नसतेच आणि काही बिघडत नाही, म्हणून तर काढून वापरता येते. नसेल तर मांडीच्या मागून घेतात.)

पुढचा भाग ग्राउंडवर कोणी सांगत नाही. ऑपरेशननंतर हाताची नस (नर्व्ह) दबली, बोटं वाकडी व्हायला लागली, डिसेंबरमध्ये परत ऑपरेशन. १९७५ चा पूर्ण सीझन एकही मॅच नाही. बोटांत जीव नव्हता, त्या अवस्थेपासून बॉल धरायला शिकत शिकत १९७६ मध्ये तो परत आला, १० जिंकल्या १० हरल्या. त्यानंतर मात्र कमाल केली, १९७७ मध्ये २० विजय, मग यांकीजकडून १९७९ ला २१ आणि १९८० ला २२. निवृत्त झाला १९८९ मध्ये, ४६ वर्षांचा होऊन, २६ सीझन खेळून. एकूण २८८ विजय, त्यातले १६४ ऑपरेशननंतरचे. लोक हा १६४ आकडा धरून बसतात. पण तो ऑपरेशनमुळे फास्ट झाला नाही, तो आधी जसा सिंकर टाकायचा तसाच टाकत राहिला. त्याला ऑपरेशनने स्पीड दिला नाही, फक्त परत मैदानात उभं केलं.

आणि हेच ऑपरेशन झालेला दुसरा पिचर कोण होता माहितीये? ब्रेंट स्ट्रॉम, १९७८ मध्ये. तो परत मेजर लीगमध्ये कधी पिच टाकू शकला नाही. पुढे पिचिंग कोच म्हणून खूप मोठा झाला, ह्युस्टन ॲस्ट्रोजबरोबर २०१७ ची वर्ल्ड सिरीज (मेजर लीगचं विजेतेपद) जिंकली, पण हात काही परतला नाही. ऑपरेशनला नाव पहिल्याचं लागलं म्हणून आपल्याला पहिल्याचीच गोष्ट माहिती. आजही साधारण पाच मेजर लीग पिचर्समधले चार जण या ऑपरेशननंतर मैदानावर परत दिसतात, पण आधीच्याच पातळीवर येऊन टिकणारे त्याहून कमी. आणि हे मेजर लीगचं आहे, जिथे माणसामागे तीन फिजिओ, आचारी, सगळा लवाजमा असतो. तुमच्या गावातल्या क्लिनिकमध्ये आठवड्याला दोनदा इन्शुरन्समधून बसणाऱ्या सेशनचं गणित वेगळं आहे.

मग काही मुलं खरंच ऑपरेशननंतर जास्त जोरात टाकतात ते कसं? टाकतात, मी स्वतः पाहिलीत. पण बघा, १७ व्या वर्षी ऑपरेशन झालं, १९ व्या वर्षी पूर्ण परतला, मधल्या दोन वर्षांत उंची वाढली, वजन वाढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बसून त्याच्याकडून पाय, कंबर, पाठ, खांद्याच्या पाठचे छोटे स्नायू यांचा व्यायाम वर्षभर रोज करून घेतला. तोच व्यायाम ऑपरेशन न करता केला असता तरी तेच झालं असतं, वर टाके पडले नसते.

रिहॅब कसा असतो तेही सांगते, म्हणजे "उरकून टाकू" हा शब्द डोक्यातून जाईल. पहिले काही आठवडे ब्रेस, मग कोपर सरळ करणं, मग हलकी वजनं. बॉल हातात येतो साधारण चार-पाच महिन्यांनी, तो पण ४५ फुटांवरून, निम्म्या जोराने, २५ फेकी, बसा, परत २५, घरी जा. मग ६० फूट, ९०, १२०. माउंडवर (पिचर जिथून टाकतो तो मातीचा ढीग) चढायलाच नऊएक महिने, आणि खरी मॅच १२ ते १८ महिन्यांनी. मायनर लीगमधला (मेजर लीगच्या खालच्या लीगमधला) एक पोरगा माझ्याकडे होता, तेवीस वर्षांचा, तो म्हणायचा पहिला महिना सोपा असतो कारण सगळे फोन करतात, सातवा महिना वाईट. सातव्या महिन्यात हात दुखत नसतो, टीम कुठेतरी खेळत असते आणि हा इथे मोकळ्या मैदानात कुंपणाकडे तोंड करून माझ्याशी बॉल टाकत असतो, आणि माझं कॅचिंग म्हणजे तुम्हाला काय सांगू.

तर आतापर्यंतचं एवढंच की सर्जरी म्हणजे अपग्रेड नाही, आणि तुमच्या मुलाच्या वयात बहुधा ती लागूही नाही. आता मुळात हे कोपर दुखतंय कशाने.

मेजर लीग पातळीचा पिचर बॉल सोडायच्या आधीच्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूवर साधारण ६४ न्यूटन-मीटर एवढा पीळ देतो. अंदाज यावा म्हणून, दंड टेकवून कोपर काटकोनात ठेवलंय आणि मनगटाला पंचवीस किलोचं पोतं बाहेरच्या बाजूला खेचतंय असं समजा. प्रयोगशाळेत नुसतं लिगामेंट त्याच्या साधारण निम्म्या ताणाला तुटतं. मग दर पिचला ते तुटत का नाही? कारण आजूबाजूचे, म्हणजे हाताच्या आतल्या बाजूचे स्नायू निम्मा भार उचलतात. माझा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. स्नायू थकला की तो भार उचलत नाही, आणि सगळं लिगामेंटवर जातं, किंवा तुमच्या मुलाच्या बाबतीत त्या सैल खुंटीवर. म्हणून मी स्पीडपेक्षा थकव्याला जास्त घाबरते. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या तरुण पिचर्सची तुलना केली होती, २००६ चा अभ्यास आहे. वर्षातले आठ महिन्यांहून जास्त काळ मॅचमध्ये पिचिंग करणाऱ्यांना धोका पाचपट, आणि हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांना ३६ पट. छत्तीस. हा आकडा मी क्लिनिकच्या भिंतीवर लावलाय.

तुम्ही लिहिलंय की "आम्ही तर गल्लीत दिवसभर टेनिस बॉलने बोलिंग करायचो, कधी काही झालं नाही". मान्य, मी पण भावासोबत केलीये. पण क्रिकेटमध्ये कोपर सरळ ठेवावं लागतं, धावत येऊन सगळ्या शरीराचा वेग बॉलला मिळतो, म्हणून फास्ट बोलरची पाठ जाते, कंबरेत स्ट्रेस फ्रॅक्चर होतं. पिचर जागेवरून टाकतो, माउंडवरून एक पाऊल, आणि कोपर वाकवून झटक्यात उलगडतो. आपल्याकडे ज्याला चकिंग म्हणून नो-बॉल देतील तीच इथे मूळ क्रिया आहे. खांदा सेकंदाला सात हजार अंशांच्या आसपास वेगाने फिरतो. गल्लीतल्या त्या टेनिस बॉलशी याची तुलनाच नको.

मग करायचं काय. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून पिच स्मार्ट म्हणून नियम काढलेत, फुकट आहेत, आणि मला ते अति सावध वगैरे वाटत नाहीत, किमान वाटतात. १३-१४ वयाला एका दिवसात जास्तीत जास्त ९५ पिच. २० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी चालतं, त्यापुढे एक दिवस, दोन दिवस अशी सुट्टी वाढत जाते आणि ६६ च्या वर गेलं की चार दिवस. आणि वर्षातून किमान चार महिने फेकणं बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. म्हणजे तुमचे कोच ज्या हिवाळी इनडोअरबद्दल बोलतायत ते नेमके याच सुट्टीत येतंय. कोच वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, पण तुमचा मुलगा त्यांच्या एका टीममध्ये ६० पिच टाकतो, शाळेच्या टीममध्ये परत ५०, आणि रविवारी खासगी लेसनमध्ये ४०, हे तिघांनाही एकमेकांचं माहीत नसतं. बेरीज करणारं कोणी नसतं. ती तुम्ही करा, साध्या वहीत. मी पालकांना पहिल्या भेटीत तेवढंच काम देते आणि दुसऱ्या भेटीला बहुतेकांचा चेहरा पडलेला असतो.

अजून एक गोष्ट वहीत लिहा, नेम कधी चुकायला लागला ते. दुखण्याच्या बरंच आधी बॉल वर जायला लागतो, कोपर खाली पडतं, दोन पिचमध्ये मुलगा जास्त वेळ घेतो. माझ्या अनुभवात स्पीड-गन पेक्षा हे लवकर कळवतं.

आता करिअर. इथे मी घाई करणार, कारण १४ व्या वर्षी यावर निर्णय घ्यायचा नसतो, पण चित्र माहीत असावं. ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी नवे खेळाडू निवडणं, एकतर हायस्कूल संपल्यावर नाहीतर कॉलेजची काही वर्षं झाल्यावर होतो, २० राऊंड असतात, आणि निवडलेल्यांतले बहुतेक मेजर लीग कधीच बघत नाहीत. मधला सगळा रस्ता मायनर लीगचा. तिथे पगार इतका कमी होता की पोरं सहा जण मिळून एका अपार्टमेंटमध्ये गादीवर झोपायची. २०२३ मध्ये त्यांच्या युनियनचा पहिला करार झाला तेव्हा लो-ए (खालची पायरी) चा वर्षाचा किमान पगार २६,२०० डॉलर झाला आणि ट्रिपल-ए (मेजर लीगच्या लगेच खालची पायरी) चा ३५,८००, त्याच वर्षी मेजर लीगचा किमान ७,२०,०००. या शेवटच्या दोन आकड्यांच्या मधे एक फोन कॉल असतो. वर गेला आणि टिकला तरी पहिली काही वर्षं पगार क्लब ठरवतो, फ्री एजंट (हव्या त्या क्लबशी करार करायला मोकळा) व्हायला मेजर लीगमधली सहा वर्षांची सर्व्हिस लागते, आणि पिचरला सहा वर्षं हात शाबूत ठेवणं हीच मोठी परीक्षा. डावखुरा असल्याचा फायदा आहे हे खरं, डावखुऱ्यांना एखादी संधी जास्त मिळते.

रोजचं आयुष्य म्हणाल तर स्टार्टिंग पिचर (मॅचची सुरुवात करणारा) पाच-सहा दिवसांतून एकदा टाकतो आणि मधले दिवस त्या एका दिवसासाठी जगतो. टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी हात वर करून दात घासायला पण त्रास होतो कित्येकांना. मग सायकल, व्यायाम, मधे एक दिवस बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत) थोड्या पिच, व्हिडिओ बघणं, बसचा प्रवास, परत माउंड. बुलपेनवाल्यांचं, म्हणजे मॅचच्या मधेच येऊन टाकणाऱ्यांचं, उलट, रोज तयार राहायचं आणि टाकायला मिळेल की नाही माहीत नाही.

आणि नशीब. मार्क फिड्रिच म्हणून डेट्रॉइट टायगर्स टीमचा पोरगा होता, १९७६ मध्ये २१ वर्षांचा, बॉलशी बोलायचा, सगळी अमेरिका वेडी झाली होती त्याच्यामागे. १९ विजय, आणि त्या एका सीझनमध्ये २४ मॅच पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने टाकल्या. पुढच्या वर्षी आधी गुडघा, मग खांदा. खांद्यात फाटलंय हे कळलं १९८५ मध्ये, तोपर्यंत करिअर संपून पाच वर्षं झाली होती. एकूण २९ विजय. दुसरीकडे जेमी मॉयर, डावखुरा, फास्टबॉल असा की हायस्कूलवाले हसतील, आणि २०१२ मध्ये ४९ व्या वर्षी मेजर लीगची मॅच जिंकला. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू, २००८ च्या टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी घेतले. दिनेशला २०१० मध्ये सोडलं, रिंकू सिंगल-ए पर्यंत गेला, मग दुखापती, टॉमी जॉन सर्जरी, आणि शेवटी डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये कुस्ती. मला त्या दोघांबद्दल प्रचंड आदर आहे, विशीच्या आसपास पहिल्यांदा बेसबॉल हातात घेऊन इथवर येणं खायचं काम नाही. पण लोक त्यांचं नाव घेतात ते "बघा, जोर असला की झालं" असं सांगायला, आणि माझ्या मते त्यातून नेमकं उलट दिसतं.

तुमच्या जागी मी असते तर या आठवड्यात कोचला फोन करून सांगितलं असतं की डॉक्टर हो म्हणेपर्यंत फेकणं बंद, आणि हे मुलासमोर सांगितलं असतं, म्हणजे "मी माघार घेतली" असं त्याला वाटणार नाही, बाबांनी थांबवलं असं होईल. हिवाळ्यात बास्केटबॉल, पोहणं, काहीही. एक्स-रे काढाल तेव्हा दोन्ही कोपरांचा काढायला सांगा, डाव्यात काय बिघडलंय हे ताडून बघायला त्याचाच उजवा लागतो.

आणि एक विचारायचं राहिलं, तुम्ही लिहिलं नाहीये. ज्या मॅचमध्ये तो पिच करत नाही, त्यात त्याला कॅचर (फलंदाजामागे बसून पिच पकडणारा) म्हणून बसवतात का? बऱ्याच टीममध्ये चांगला हात असलेलं पोर तिथेच बसवतात, आणि कॅचरला प्रत्येक पिचनंतर बॉल परत फेकावा लागतो. असं असेल तर तुमच्या वहीतली बेरीज परत करावी लागेल, तेव्हा कळवा.